नफा वाढतोय, पण त्याचे पैसे आपण आधीच मोजलेत का?

उलव्याच्या फ्लॅटपासून सुरुवात करते, कारण नवी मुंबईत राहणाऱ्या माणसाला शेअरचं मूल्यांकन समजायला याहून जवळचं उदाहरण मला सापडलेलं नाही.

नवी मुंबई विमानतळाला केंद्र सरकारची मंजुरी मिळाली २००७ मध्ये. पहिलं प्रवासी विमान उडालं २५ डिसेंबर २०२५ ला. मधल्या अठरा वर्षांत उलवे, करंजाडे, पनवेल या पट्ट्यात ज्यांनी जागा घेतल्या, त्यांनी काय विकत घेतलं? चार भिंती तर घेतल्याच. पण त्या भावात 'उद्या इथे विमानतळ होणार' या वाक्याचेही पैसे होते. भाडं म्हणाल तर सुरुवातीची कित्येक वर्षं अगदीच किरकोळ. पुढे विमानतळ खरंच झाला. म्हणजे वाढीची अपेक्षा खोटी नव्हती. तरी फायदा कोणाला किती झाला, हे ती वाढ किती उशिरा आली आणि तिच्यासाठी आधी किती मोजले होते, यावरच ठरलं.

शेअरचं नेमकं असंच असतं. भावाचा एक भाग कंपनी आज जे कमावते त्याचा, आणि दुसरा भाग ती उद्या जास्त कमावेल या अपेक्षेचा. पहिला भाग मोजणं सोपं आहे. दुसरा कसा तोलायचा, ते आज सांगते.

मागच्या महिन्यात शेजारच्या वहिनी फोन घेऊन आल्या. वाशीच्या आमच्या सोसायटीत मी हिशेब खात्यातून निवृत्त झालेली बाई म्हणून लोक असले प्रश्न घेऊन येतात, आणि मलाही ते आवडतं. म्हणाल्या, "ताई, ह्या कंपनीचा पीई बारा दाखवतोय आणि हिचा चाळीस. म्हणजे बारावाली स्वस्त ना?"

पीई म्हणजे शेअरचा भाव भागिले एका शेअरमागचा वर्षाचा नफा. या नफ्याला ईपीएस म्हणतात. समजा पहिल्या कंपनीचा भाव २४० रुपये आणि ईपीएस २० रुपये. २४० भागिले २०, पीई आला १२. दुसरीचा भाव ६०० आणि ईपीएस १५, म्हणून पीई ४०. शेअरचा भाव ६०० आहे म्हणून तो महाग आणि २४० आहे म्हणून स्वस्त, असं मात्र मुळीच नाही. एक रुपया नफ्यासाठी पहिलीत १२ रुपये मोजावे लागतात आणि दुसरीत ४०, एवढंच हे आकडे सांगतात.

मी वहिनींना हाच आकडा उलटा करून दाखवला, कारण एफडीची सवय असलेल्या माणसाला तो तसाच पटकन कळतो. २४० रुपयांवर कंपनी वर्षाला २० कमावते, म्हणजे ८.३ टक्के. ६०० वर १५, म्हणजे जेमतेम अडीच टक्के. बँकेत पैसे ठेवले तर सहा-सात टक्के मिळतात. मग अडीच टक्क्यांवर कोण शहाणा माणूस पैसे लावेल?

जो लावतो, तो या वर्षाच्या १५ रुपयांकडे बघत नसतो. समजा या दुसऱ्या कंपनीचा नफा दरवर्षी ३२ टक्क्यांनी वाढतोय. दुधाच्या हिशेबाची वही समोर होती, तिच्याच शेवटच्या पानावर आम्ही लिहीत गेलो. आज १५, पुढच्या वर्षी १९.८०, मग २६, मग ३४.५०, मग ४५.५०, आणि पाचव्या वर्षी ६०. आपण मोजलेल्या ६०० रुपयांवर हिशेब केला तर परतावा अडीच टक्क्यांवरून ३.३, ४.४, ५.८, ७.६ असा चढत पाचव्या वर्षी १० टक्क्यांवर जातो. चौथ्या वर्षी एफडी मागे पडते. पहिल्या कंपनीची वाढ ४ टक्के धरली, तर २० चे पाच वर्षांनी २४ रुपये ३३ पैसे होतात. (हा नफा कंपनीचा असतो, आपल्या खात्यात थेट येत नाही. तरी तुलनेला उपयोगी आहे.)

तेव्हा नुसत्या पीईकडे बघणं म्हणजे एखाद्या नोकरीचा फक्त पहिला पगार विचारून उठणं. पुढे किती वाढतो, हे विचारायलाच हवं. त्यासाठी एक सोपा भागाकार आहे: पीईला नफ्याच्या वाढीच्या टक्क्याने भागायचं. याला पेग रेशो म्हणतात. पहिली कंपनी: १२ भागिले ४, पेग ३. दुसरी: ४० भागिले ३२, पेग १.२५. वाढीच्या हिशेबात बघितलं तर चाळीसवालीच स्वस्त ठरली.

हा भागाकार घरोघरी पोचवला तो पीटर लिंच यांनी. १९७७ ते १९९० या काळात त्यांनी अमेरिकेत फिडेलिटीचा मॅजेलन फंड चालवला आणि वर्षाला सरासरी २९ टक्क्यांच्या आसपास परतावा दिला. त्यांचा ठोकताळा असा: ज्या कंपनीचा पीई तिच्या वाढीच्या टक्क्याएवढा, ती रास्त भावात. म्हणजे पेग १ च्या खाली स्वस्त, २ च्या पुढे जपून. मुरलेल्या, सावकाश वाढणाऱ्या पण चांगला लाभांश देणाऱ्या कंपन्यांवर यात अन्याय होतो, म्हणून वाढीच्या टक्क्यात लाभांशाचा टक्का मिळवून मग भागायचं, असंही त्यांनी सुचवलं. आपली बारावाली ५ टक्के लाभांश देत असेल तर ४ अधिक ५, म्हणजे ९. बारा भागिले नऊ, १.३३. बघा, ती एकदम चाळीसवालीच्या शेजारी येऊन बसली.

आतापर्यंतचं सगळं कुठल्याही अ‍ॅपवर तयार मिळतं. माझं खरं सांगणं यापुढे आहे, आणि ते मी फार कळकळीने सांगते, कारण पेगचा आकडा बघून पैसे लावणारे लोक मला रोज भेटतात. या भागाकारात वरचा आकडा, म्हणजे पीई, छापील आहे. तोच नफा धरून कोणीही काढला तरी तोच येईल. खालचा आकडा, म्हणजे वाढ, हा कोणाचा तरी अंदाज आहे. भागाकार दोन दशांश स्थळांपर्यंत आला म्हणून अंदाज पक्का होत नाही.

वाढ चुकली तर काय होतं, ते त्याच वहीत करून बघू. ३२ टक्के वाढ खरी ठरली, पाच वर्षांनी ईपीएस ६० झाला. तोवर कंपनी मोठी झाली, वेग थोडा मंदावला आणि बाजार आता तिला ४० ऐवजी २० चा पीई देतोय असं धरा. भाव १,२०० रुपये. पैसे दुप्पट, वर्षाला साधारण १५ टक्के. छान.

आता वाढ ३२ ऐवजी १५ टक्के झाली. पंधरा काही वाईट नाही. पाच वर्षांत नफा दुप्पट होतो, १५ चे ३० रुपये. दर तिमाहीला 'विक्रमी नफा' अशी बातमी येत राहील. पण १५ टक्के वाढणाऱ्या कंपनीला बाजार ४० चा पीई देत नाही, २० देतो. भाव किती? ३० गुणिले २०, म्हणजे ६०० रुपये. पाच वर्षांपूर्वी घेतला होता तोच भाव. कंपनीचा नफा दुप्पट, आपली कमाई शून्य. वहिनींनी हा गुणाकार स्वतः पुन्हा करून बघितला, आणि मग बराच वेळ वहीकडेच बघत राहिल्या.

असं प्रत्यक्षात घडलेलं आहे. सिस्को ही अमेरिकन कंपनी मार्च २००० मध्ये काही काळ जगातली सर्वांत मौल्यवान कंपनी होती, बाजारमूल्य ५०० अब्ज डॉलरच्या वर. इंटरनेट वाढणार, त्याला लागणारी यंत्रं ही कंपनी बनवणार, हा अंदाज शंभर टक्के खरा ठरला. पुढच्या वीस वर्षांत तिची विक्री अडीचपटीहून जास्त झाली. पण मार्च २००० चा भाव त्या वीस वर्षांत परत दिसला नाही. आपल्याकडे २००० च्या आसपास ज्यांनी हिंदुस्थान लीव्हर वरच्या भावात घेतला, त्यांना दशकभर लाभांशाखेरीज फारसं काही मिळालं नाही. साबण घरोघरी वापरला जातच होता. पण नफ्याची वाढ मंदावली होती आणि भावात ती वेगवान धरलेली होती.

म्हणून पीई जितका मोठा, तितकी वाढ जास्त वर्षं टिकावी लागते. पीई १० आणि वाढ १०, पेग १. पीई ४० आणि वाढ ४०, पेग १ च. कागदावर जुळी भावंडं. पण ४० टक्के वाढ दहा वर्षं टिकली तर कंपनी २९ पट होते. आज १,००० कोटींची विक्री असेल तर २९,००० कोटींची. आपण स्वतःला विचारायचं की या मालाला भारतात एवढी मागणी आहे का, आणि असेल तर बाकीच्या कंपन्या हातावर हात ठेवून बसतील का? मला तर २५ टक्क्यांच्या वरची वाढ पाच वर्षांहून जास्त धरायचा धीर होत नाही. कोणी ३५-४० चा आकडा पेगमध्ये घातलेला दिसला की मी तो २० करून पुन्हा भागते.

वाढीचा आकडा कुठून घेतला, तेही बघावं लागतं. मार्च २०२० च्या शेवटी टाळेबंदी लागली, तेव्हा कित्येक कंपन्यांचा नफा खड्ड्यात गेला. समजा ईपीएस ७ वरून २ वर आला आणि पुढच्या वर्षी ६ झाला. अ‍ॅप म्हणणार, वाढ २०० टक्के! पीई ५० असला तरी पेग ०.२५. डोळे दिपवणारा आकडा. पण दोन वर्षांपूर्वी जी ७ कमावत होती ती आता ६ कमावते, म्हणजे ती आक्रसली आहे. म्हणून एका वर्षाची वाढ पेगसाठी कधीच घेऊ नये. पाच वर्षांची चक्रवाढ घ्या, आणि सुरुवातीचं वर्ष नेमकं पडझडीचं नाही ना, ते तपासा.

उलटंही होतं. ठाण्यात पोखरण रोड, कोलशेत, घोडबंदर रोड या भागात जिथे कारखान्यांचे भोंगे वाजायचे तिथे आज टॉवर उभे आहेत. कारखान्याची जमीन विकली की त्या वर्षी नफा प्रचंड फुगतो आणि पीई ५-६ वर येतो. ती कमाई एकदाच होणारी असते. नफा-तोट्याच्या पत्रकात 'अपवादात्मक बाबी' अशी ओळ असते, तिथे ती दिसते. ती वजा करूनच पीई काढायचा.

आणि वाढ नफ्याची बघायची नाही, ईपीएसची बघायची. नफा १०० कोटींवरून १३० कोटी झाला, ३० टक्के वाढ. पण मधे कंपनीने नवे शेअर विकून पैसे उभारले आणि शेअरची संख्या १० कोटींवरून साडेबारा कोटी झाली, तर ईपीएस १० रुपयांवरून १० रुपये ४० पैसे. वाढ ४ टक्के. भाकरी मोठी झाली खरी, पण पंगतही वाढली.

आता माझ्या स्वतःच्या चुकीबद्दल. मी नोकरीची बरीच वर्षं तुर्भ्याच्या बाजूला टीटीसी औद्योगिक पट्ट्यात रसायनांच्या कारखान्यात हिशेब बघितला. २०२१ मध्ये या धंद्यात जे चाललं होतं ते मी जवळून पाहिलं. चीनमधून माल वेळेवर येत नव्हता, जहाजाचं भाडं कुठच्या कुठे गेलं होतं. सकाळी सॉल्व्हंटचा एक दर यायचा आणि जेवणाच्या सुट्टीनंतर दुसरा. गोदामात जुन्या दराने घेतलेला कच्चा माल पडून होता आणि तयार माल नव्या दराने जात होता. ड्रमला हात लावला की नफा, अशी स्थिती. हा फायदा जुन्या साठ्याचा आहे, तो संपला की संपला, हे मला पगारी नोकर म्हणून पक्कं माहीत होतं. तरीही गुंतवणूकदार म्हणून त्याच धंद्यातल्या एका दुसऱ्या कंपनीचा शेअर मी घेतला, कारण पीई होता ९ आणि तीन वर्षांची वाढ ४० टक्के. पेग ०.२३. पुढच्या दोन वर्षांत चीनचा माल परत आला, ग्राहकांनी भरून ठेवलेला साठा आधी संपवायला घेतला, दर कोसळले, आणि त्या कंपनीचा नफा निम्म्याहून खाली आला. भाव पडत होता, तरी नफा त्याहून वेगाने पडत असल्यामुळे पीई वाढतच गेला.

पोलाद, साखर, सिमेंट, रसायनं, जहाजवाहतूक या चक्रानुसार चालणाऱ्या धंद्यांत पीई सगळ्यात कमी दिसतो तो बहुधा तेजीच्या माथ्यावर. तिथे पेग वापरूच नये. सात ते दहा वर्षांच्या नफ्याची सरासरी काढावी आणि आजचा भाव तिच्या किती पट आहे ते बघावं. तोट्यातल्या कंपनीला तर पेग लागूच होत नाही, आणि बँकांसाठी पुस्तकी मूल्य, थकीत कर्जं हे आधी बघायचं असतं. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

दोन कंपन्या सारख्याच वेगाने वाढत असल्या तरी त्या वाढीला खर्च किती लागतो, हे पेगमध्ये कुठेच दिसत नाही. माझ्या मते ही त्याची सगळ्यात मोठी उणीव आहे. नौपाड्यातली दोन पोळी-भाजी केंद्रं डोळ्यांसमोर आणा. एका बाईंनी त्याच स्वयंपाकघरात, तेच दोन मोठे तवे आणि आणखी एक मदतनीस घेऊन डबे ४० वरून ६० केले. दुसऱ्यांनी डबे तेवढेच वाढवले, पण त्यासाठी नवा गाळा भाड्याने घेतला, अनामत भरली, फ्रीज, ओटा, सगळं नव्याने केलं. वाढ दोघींची ५० टक्केच. पहिल्या बाईंकडे वर्षअखेरीला पैसे उरले, दुसऱ्यांच्या डोक्यावर कर्ज.

कंपनीच्या भाषेत हेच. भागधारकांच्या भांडवलावर ४० टक्के कमावणाऱ्या कंपनीला २० टक्क्यांनी वाढायला निम्मा नफा पुन्हा धंद्यात घालावा लागतो, बाकीचा निम्मा मोकळा. भांडवलावर १० टक्केच कमावणाऱ्या कंपनीला त्याच वाढीसाठी नफ्याच्या दुप्पट पैसा लागतो. तो येणार कर्जातून किंवा नवे शेअर विकून. दोघींचा पेग १ दिसला तरी त्यांना एका पारड्यात टाकू नका. अ‍ॅपवर आरओई (भागधारकांच्या भांडवलावरची कमाई) आणि आरओसीई (कर्जासकट सगळ्या भांडवलावरची कमाई) हे दोन आकडे पीईच्या आसपासच असतात, ते बघायला अर्धा मिनिटसुद्धा लागत नाही.

वाढ रोखीत येते का, हाही प्रश्न आहेच. एका जुन्या नोकरीत मी ३१ मार्चच्या संध्याकाळी गेटवर ट्रकची रांग बघितलेली आहे. ग्राहकाने मागितलेला नसतानाही माल बाहेर काढायचा, बिल मार्चमध्ये फाडायचं, आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तोच माल परत घ्यायचा. कागदावर विक्री वाढली, नफा वाढला. पैसा मात्र आलाच नाही. मला तेव्हा ते फार खुपलं होतं, आजही खुपतं, कारण त्या आकड्यावर विश्वास ठेवून कोणीतरी आपली बचत लावलेली असते. हे बाहेरच्या माणसाला दिसतं ते दोन ठिकाणी. ताळेबंदात येणी, म्हणजे ग्राहकांकडून यायचे बाकी असलेले पैसे, विक्रीपेक्षा जास्त वेगाने वाढतात. आणि रोख प्रवाहाच्या पत्रकात धंद्यातून आलेली रोकड वर्षानुवर्षं नफ्यापेक्षा कमी राहते. एखादं वर्ष असं होऊ शकतं. सलग चार-पाच वर्षं असेल, तर वाढीचा आकडा कितीही सुंदर असला तरी मी तो भागाकार करतच नाही.

एक छोटी पण नडणारी गोष्ट: पीई एकल निकालांवरचा आहे की एकत्रित, ते बघून घ्या. उपकंपन्या धरून जे निकाल येतात ते एकत्रित, आणि आपण तेच घ्यायचे. निफ्टीचा पीईसुद्धा २०२१ च्या मार्चअखेरपर्यंत एकल नफ्यावर काढला जायचा. पद्धत बदलली तेव्हा तो चाळीसच्या आसपास होता तो तेहतिसाच्या आसपास आला, बाजार न पडता. जुन्या आणि नव्या पीईचा एकच आलेख दाखवून 'बाजार स्वस्त झाला' म्हणणारे अजून भेटतात.

वहिनींच्या चाळीसवालीचं पुढे काय झालं ते सांगते. आम्ही तिचा वार्षिक अहवाल कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतला. ३२ टक्के वाढ ही शेवटच्या तीन वर्षांची होती. पाच वर्षांची काढली तर २१ निघाली. पेग १.२५ वरून १.९ झाला. आरओई २४ टक्के, कर्ज जवळजवळ नाही, रोकड नफ्याच्या बरोबरीने येतेय. धंदा चांगला आहे, यात शंका नाही. पण येणी मात्र मागच्या वर्षी विक्रीच्या दीडपट वेगाने वाढलीत.

वहिनींनी विचारलं, "मग घेऊ की नको?" मी म्हटलं, "वहिनी, २१ टक्के वाढ धरून तुम्हाला किती भाव परवडतो ते तुम्हीच काढा." त्यांनी ईपीएस १५ घेतला, पेग दीड धरला, पीई आला साडेएकतीस. पंधराने गुणून वहीत लिहिलं: ४७२. मार्चची सोडून बाकीची तिमाही संपली की ४५ दिवसांच्या आत निकाल जाहीर करावे लागतात, आणि येण्यांचा आकडा ताळेबंदासोबत सहामाहीला येतो. सप्टेंबरअखेरचे निकाल लागले की येणी कमी झालीत का ते बघायचं, असं त्यांनी ४७२ च्या खाली लिहिलं आणि वही परत दुधाच्या पिशवीशेजारी ठेवायला घरी घेऊन गेल्या.